नाही म्हणायची सोय

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक सही अशी असते की ती काय बघून केली, हे करणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. तिला यूएटी साइन-ऑफ म्हणतात. यूएटी म्हणजे यूझर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. साध्या मराठीत सांगायचं तर ज्याने माल मागवला त्याने तो वापरून बघायचा, आणि पसंत पडला तर 'घेतला' असं लिहून द्यायचं. या सहीनंतर व्हेंडरचं बिल निघतं, जुनी पद्धत बंद होते, आणि त्यापुढे जे काही बिघडेल ते निस्तरायची जबाबदारी हळूच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते.

ही सही प्रत्यक्षात कशी होते, हे ऐरोलीत किंवा हिंजवडीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. सोमवारी गो-लाइव्ह असतं. गुरुवारी दुपारी कॉन्फरन्स रूममध्ये क्लायंटची चार माणसं बसतात. माउस व्हेंडरच्या पोराच्या हातात असतो. ग्राहकाचं नाव 'टेस्ट वन', पत्ता 'एबीसी', रक्कम शंभर रुपये. पोरगं एकेक बटण दाबतं आणि सगळं झकास चालतं, कारण कुठल्या रस्त्याने जायचं हे तो रस्ता बांधणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. एखादी बाई विचारते, "आणि महिनाअखेरीला काय होतं?" उत्तर येतं, "ते फेज टूमध्ये आहे, मॅडम." मॅडम गप्प बसतात, कारण साहेबांनी वर तारीख कळवून टाकलेली असते. चहा येतो, कागद येतो, सही होते.

माझं म्हणणं असं आहे की ही तपासणी नाही, हा मुहूर्त आहे. ग्राहक सॉफ्टवेअर कसं तपासणार, कोण तपासणार, कशावर तपासणार आणि कधी 'नाही' म्हणणार, हे कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी कागदावर यायला हवं. ज्या ग्राहकाने 'नाही' म्हणायची सोय ठेवलेली नाही, त्याच्या 'हो'ला काडीची किंमत नाही. आणि महाराष्ट्रात, विशेषतः सरकारी आणि निमसरकारी कामात, त्या किंमतशून्य 'हो'चं बिल सही करणारा सोडून बाकी सगळे भरतात.

सतरा लाख उत्तरपत्रिका

२०१७ सालचं मुंबई विद्यापीठ आठवा. त्या वर्षी तुम्ही शाळेत असाल तर घरातल्या मोठ्या भावंडाला विचारा. उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायच्या, असं तत्कालीन कुलगुरू संजय देशमुख यांनी ठरवलं. ४७७ परीक्षा, सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. परीक्षांचा हंगाम सुरू झाला तरी काम कोणाला द्यायचं ते पक्कं व्हायचं होतं. एप्रिलच्या अखेरीस ते बंगळुरूच्या मेरिटट्रॅक कंपनीला मिळालं.

इथे जरा शाळेतलं गणित करू. कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. सतरा लाख भागिले ४५ म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज साधारण ३८ हजार उत्तरपत्रिका. एका उत्तरपत्रिकेची तीस पानं धरली तर पाच कोटींहून जास्त पानं, म्हणजे रोज अकरा लाखांच्या वर पानं स्कॅन व्हायला हवीत. प्रत्येक पान योग्य बारकोडखाली, योग्य विषयाच्या शिक्षकासमोर, वाचता येईल इतकं स्वच्छ दिसायला हवं. हे गणित करायला इंजिनिअर लागत नाही. स्वीकृतीच्या आराखड्याचं पहिलं पान हेच असतं: रोज इतका माल या यंत्रातून जायला हवा, जाऊन दाखवा. एका विद्याशाखेवर, मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांवर, पूर्ण वेगाने आधी चालवून दाखवा. नाही जमलं तर या वर्षी पेन आणि कागद.

जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. शिक्षक सांगत होते की लॉगिन होत नाही, पानं नीट दिसत नाहीत, भलत्याच विषयाची उत्तरपत्रिका समोर येते. कुलपती या नात्याने राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. शिकवणं थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं, तरी मुदत हुकली. ऑगस्टमध्ये कुलगुरूंना रजेवर जावं लागलं आणि २४ ऑक्टोबर २०१७ला त्यांना पदावरून काढण्यात आलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. विधीच्या मुलांचे निकाल रखडले, पुढचे प्रवेश अडकले. ज्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत अशांना सरासरी गुण देण्याची वेळ आली. तीन तास बसून लिहिलेल्या पेपरचं मोल शेवटी सरासरीत निघालं.

तेव्हा वर्तमानपत्रांत, विधिमंडळात, कट्ट्यांवर एकच शब्द फिरत होता: 'तांत्रिक घोळ'. हा शब्द मला मान्य नाही. तांत्रिक घोळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतो. घोळ आहे की नाही हे मुलांच्या खऱ्या पेपरांवर, खऱ्या निकालाच्या घाईत कळावं, असं ज्या व्यवस्थेने होऊ दिलं तो घोळ प्रशासनाचा. विद्यापीठाने यंत्र मागवलं, पण ते नाकारायचं कधी हे ठरवलं नाही. मे महिन्याच्या मध्यावर 'हे चालत नाही, जुन्या पद्धतीने तपासा' असं म्हणायचा अधिकार कुणा एका माणसाकडे असता, आणि तसं म्हणण्यासाठी लागणारे आकडे आधी लिहून ठेवलेले असते, तर कुलगुरूंची खुर्चीही कदाचित वाचली असती.

योगायोग बघा. त्याच सुमाराला, १ मे २०१७ला, रेरा कायद्याची उरलेली कलमं लागू झाली. त्यानुसार घराचा ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने तीस दिवसांत, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. म्हणजे एकाच मोसमात या राज्यात फ्लॅट घेणाऱ्याला गळक्या भिंतीबद्दल भांडायचा हक्क मिळाला, आणि पदवीच्या वर्षाला असलेल्या मुलाला गळालेल्या पेपरबद्दल सरासरी मिळाली.

गिरगावाला हे शिकवायला नको

ही शिस्त अमेरिकेतून आलेली, एमबीएच्या पुस्तकातली नवी गोष्ट आहे असं समजू नका. गिरगाव-काळबादेवीच्या पट्ट्यात ती दीडशे वर्षं रोजच्या रोज पाळली जात होती. जावजी दादाजींनी १८६९ साली काळबादेवीला निर्णयसागर छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध छपाईसाठी त्याचं नाव देशभर झालं, आणि ते केवळ देखण्या टाइपांमुळे झालं नाही. छापण्याआधी प्रूफं वाचायला शास्त्री बसवलेले असत. पुढे खोताच्या वाडीपासून फार लांब नसलेल्या खटाववाडीत 'मौज'चा छापखाना होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून गेलेल्या मजकुराची काटेकोर शिस्त मराठी वाचकांना माहीत आहे.

छापखान्याची रीत बघा. पहिलं प्रूफ येतं, चुका काढल्या जातात. मग दुसरं प्रूफ येतं. ते कशासाठी? सांगितलेल्या चुका दुरुस्त झाल्या का हे बघायला, आणि दुरुस्ती करताना नवी चूक घुसली का हेही बघायला. खिळे जुळवायच्या काळात एक अक्षर बदललं की ओळ सरकायची, ओळ सरकली की पान बिघडायचं. सॉफ्टवेअरवाले यालाच रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम ठेवतात. शेवटी 'छापायला हरकत नाही' अशी सही होते आणि मगच यंत्र फिरतं. ती सही कोण करतं? लेखक करतो, संपादक करतो. छापखान्याचा मालक स्वतःच प्रूफ वाचून स्वतःच हरकत नाही म्हणत नाही. आणि सहीविना यंत्र फिरलं तर वाया गेलेल्या कागदाचे पैसे कोणी द्यायचे, याबद्दल कुणाला शंका नसते.

हजार प्रतींच्या कवितासंग्रहाला आपण दोन-तीन प्रूफं लावली. लाखो मुलांच्या निकालाला एक डेमो पुरला.

वाडीतली पतपेढी

सरकार, विद्यापीठ ही फार मोठी उदाहरणं झाली असं वाटेल, म्हणून एक लहान उदाहरण घेऊ. समजा, जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर खोताच्या वाडीच्या आसपास एक जुनी पतपेढी आहे. हजारभर सभासद, तीन कर्मचारी, दैनंदिन ठेव गोळा करणारे दोन एजंट. कागदी खतावणी आणि वीस वर्षांचं जुनं सॉफ्टवेअर टाकून तिला नवं घ्यायचं आहे. तिने काय करावं?

पहिला प्रश्न माणसांचा. तपासायला अध्यक्ष नकोत. अध्यक्ष सत्काराला असतात. तपासायला काउंटरवर बसणारी बाई हवी. कुठल्या दिवशी गर्दी होते, कुठला सभासद पासबुक विसरून येतो आणि कुठल्या खात्यावर जुना वाद आहे हे तिलाच ठाऊक असतं. दैनंदिन ठेवीचा एजंट हवा, कारण पावसात, जिन्यावर उभं राहून, रेंज नसताना रक्कम भरणारा तोच आहे. लेखापरीक्षक हवा. आणि एक तरी सभासद हवा, शक्यतो चष्मा लावणारा.

दुसरा प्रश्न, तपासायचं कशावर. 'टेस्ट वन' आणि 'टेस्ट टू'वर नक्कीच नाही. खोताची वाडी ही जुन्या ईस्ट इंडियन कुटुंबांची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावावरून तिचं नाव पडलं आणि त्यांच्याकडून जागा घेऊन ही कुटुंबं इथे राहिली. त्यामुळे सभासदांच्या यादीत डिसोझा, डिमेलो असणारच. इंग्रजीत ही नावं लिहिताना 'डी'नंतर अनेकदा वर एक टिंबासारखी खूण येते, अपॉस्ट्रॉफी. ढिसाळ लिहिलेलं सॉफ्टवेअर हे नाव सेव्ह करताना कोसळतं, कारण डेटाबेसच्या भाषेत त्या खुणेचा अर्थ 'मजकूर इथे संपला' असा होतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात ही चूक इतकी जुनी आहे की तिच्यावर विनोद आहेत. पण डेमोतला 'टेस्ट वन' कधीच डिसोझा नसतो. पत्त्याचंही तेच. 'खोताची वाडी' रोमन लिपीत कुणी एका शब्दात लिहितं, कुणी दोन, कुणी तीन. एकाच घरातल्या तिघांचे पत्ते तीन प्रकारे नोंदलेले असतील तर नवं सॉफ्टवेअर त्यांना तीन घरं समजेल का? लग्नानंतर नाव बदललेली सभासद एक आहे की दोन? हे प्रश्न बंगळुरूत किंवा पुण्यात बसून सुचणार नाहीत. ते वाडीतल्या माणसालाच सुचतील, आणि म्हणून तपासणीचे प्रश्न ग्राहकाने लिहायचे असतात. व्हेंडरने लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेवर व्हेंडर शंभर टक्के मिळवतो, यात नवल काय?

म्हणून मागच्या वर्षीचा मार्च महिना घ्या. नावं झाकायची असतील तर बदला, पण अपॉस्ट्रॉफी तशीच ठेवा. त्या महिन्याचे सगळे व्यवहार नव्या सॉफ्टवेअरमध्ये घाला आणि ३१ मार्चची तेरीज काढा. जुन्या वहीतल्या तेरजेशी ती रुपये-पैशांत जुळली पाहिजे. मुद्दाम वाकडी प्रकरणं शोधा: मुदतीआधी मोडलेली ठेव, २९ फेब्रुवारीला सुरू झालेली ठेव, रविवारी संपणारी मुदत, वारलेल्या सभासदाचं खातं आणि दोन वारस, हप्ता भरता भरता गेलेली वीज. सरळ प्रकरणं कुठलंही सॉफ्टवेअर हाताळतं. संस्थेची अब्रू वाकड्या प्रकरणांत जाते.

तिसरा प्रश्न, किती चूक चालेल. शून्य चुका हे उत्तर भोळं आहे आणि 'बघू' हे उत्तर लबाड आहे. चुकांच्या पायऱ्या आधी ठरवा. एकाही सभासदाची शिल्लक चुकीची दिसली तर स्वीकृती नाही, मग बाकी सगळं कितीही सुंदर असो. पावतीचा समास वाकडा असेल तर पंधरा दिवसांत दुरुस्ती, तोवर काम चालू. या पायऱ्या करारात असल्या की शेवटच्या आठवड्यात 'ही मोठी चूक की लहान' यावर घसे कोरडे पडत नाहीत. हे व्हेंडरच्याही सोयीचं आहे. कारण लबाडी एकाच बाजूला असते असं नाही. काही ग्राहक पसंतीच्या नावाखाली रोज नवी मागणी पुढे करतात आणि बिल अडकवून ठेवतात. निकष लिहिलेले असले तर व्हेंडर म्हणू शकतो: हे तुम्ही मागितलं नव्हतं, याचे पैसे वेगळे.

चौथा प्रश्न, किती दिवस. खोताच्या वाडीत अजून काही कौलारू घरं उभी आहेत. कौलारू घराची शाकारणी कशी झाली हे गवंड्याच्या सांगण्यावरून कळत नाही, पहिल्या पावसात कळतं. शहाणा घरमालक थोडे पैसे तोवर हातात राखतो. पतपेढीचा पहिला पाऊस म्हणजे तिमाहीअखेर, जेव्हा सगळ्या ठेवींवर व्याज चढतं. तेव्हा जुनं आणि नवं तीन महिने शेजारी शेजारी चालवा. कंटाळवाणं आहे, दुप्पट काम आहे, कर्मचारी कुरकुरतील. पण तिमाहीअखेर दोन्हींची उत्तरं जुळेपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा आणि जुनं बंद करू नका.

आणि पाचवा प्रश्न, ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात: तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ काय धरला जाणार आहे? सॉफ्टवेअरच्या करारांत अनेकदा बारीक अक्षरात एक कलम असतं. माल दिल्यापासून अमुक दिवसांत लेखी हरकत आली नाही, किंवा ग्राहकाने तो वापरायला सुरुवात केली, की तो स्वीकारला असं मानण्यात येईल. मुंबईतल्या सोसायट्यांना 'मानीव अभिहस्तांतरण' हा शब्द माहीत आहे. बिल्डर जमीन नावावर करून देत नसेल तर कायदा ती दिली असं मानतो. तिथे 'मानीव' हा शब्द राहणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. सॉफ्टवेअरच्या करारातली मानीव स्वीकृती बरोबर उलट्या बाजूने उभी असते. तुमच्याकडे तपासणीचा आराखडा नसेल तर ते दिवस बैठका ठरवण्यातच जातात, आणि तुम्ही न केलेली सही झालेली असते.

'नंतर दुरुस्त करू'

या सगळ्यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं: ग्राहकाला तांत्रिक काय कळतं? काही कळायची गरज नाही. स्वयंपाक येत नसला तरी भाजी खारट आहे हे खाणाऱ्याला कळतंच. व्याज चुकलं हे कळायला डेटाबेस यावा लागत नाही, व्याज काढता यावं लागतं.

दुसरं: आता अजाइलचा जमाना आहे, दर दोन आठवड्यांनी नवं काहीतरी येतं, कसले आराखडे करता? उलट, दर दोन आठवड्यांनी माल येणार असेल तर दर दोन आठवड्यांनी पसंती-नापसंती सांगावी लागेल. म्हणजे प्रत्येक लहान कामाचा निकष ते काम सुरू होण्याआधी लिहावा लागेल. अजाइलने तपासणीची जबाबदारी वाढवली आहे. ती कमी झाली असं सांगणारे अजाइलच्या नावावर आळस खपवतात.

तिसरं: तारीख ठरली आहे. मंत्र्यांची वेळ घेतली आहे. हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे, कारण खरं कारण बहुधा हेच असतं. ७ जून २०२१ला आयकर विभागाचं नवं पोर्टल ठरल्या दिवशी सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. २३ ऑगस्टला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी इन्फोसिसचे प्रमुख सलील पारेख यांना बोलावून घेतलं आणि १५ सप्टेंबरपर्यंतची मुदत दिली. रिटर्न भरायची ३१ जुलैची तारीख पुढे सरकत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. उद्घाटनाची तारीख पाळली गेली, बाकी सगळ्यांच्या तारखा हलल्या.

चौथं उत्तर सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातक: लहानसहान चुका आहेत, नंतर दुरुस्त करू. हे ऐकलं की मला ब्रिटनचं पोस्ट ऑफिस आठवतं. तिथे 'होरायझन' नावाची हिशेबप्रणाली आली, आयसीएल या फुजित्सूच्या कंपनीने बनवलेली. १९९९च्या उन्हाळ्यात तिची स्वीकृतीची तपासणी चालू होती. हिशेब बिनचूक राहतील का, यावरचे आक्षेप रीतसर नोंदवलेले होते. ते पूर्ण मिटायच्या आधी, पुढे दुरुस्त करू अशा अटींवर, सप्टेंबर १९९९मध्ये स्वीकृती देण्यात आली. नंतरच्या वर्षांत गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या गल्ल्यात पडद्यावर तूट दिसू लागली. पोस्ट ऑफिसने सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवला आणि माणसांवर खटले भरले. नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली. त्यातल्या एक सीमा मिश्रा, भारतीय वंशाच्या, सरे परगण्यात पोस्ट चालवणाऱ्या. २०१० साली त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात गेल्या तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्यांची शिक्षा २०२१मध्ये रद्द झाली. उरलेल्यांसाठी ब्रिटिश संसदेला २०२४मध्ये खास कायदा करावा लागला.

हे सगळं त्या एका स्वीकृतीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. मधे वीस वर्षांचा खोटेपणा आणि मग्रुरी होती. पण ती मग्रुरी उभी राहिली ती 'प्रणाली तपासून घेतलेली आहे' या वाक्यावर. स्वीकृतीची सही एकदा झाली की सॉफ्टवेअर साक्षीदार बनतं आणि माणूस आरोपी. म्हणून ती सही स्वस्त असून चालत नाही.

मेजावर कोण बसतं

पाचही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. सॉफ्टवेअर विकत घेणारा आणि सॉफ्टवेअर सोसणारा, ही दोन वेगळी माणसं असतात. विद्यापीठ विकत घेतं, विद्यार्थी सोसतो. पोस्ट ऑफिस विकत घेतं, पोस्टमास्तर सोसतो. संचालक मंडळ विकत घेतं, काउंटरवरच्या बाईला शिव्या बसतात. करारात ज्याला 'ग्राहक' म्हटलं आहे तो बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर आयुष्यात एकदाही उघडणार नसतो. त्याला सही करायला काहीच लागत नाही, कारण त्याचं काहीच जाणार नसतं. स्वीकृतीच्या मेजावर सोसणाऱ्याला खुर्ची मिळेपर्यंत आणि त्याच्या 'नाही'ला वजन येईपर्यंत बाकीचे सगळे फॉर्म आणि फॉरमॅट ही नुसती स्टेशनरी आहे.

तुमच्यातले पुष्कळजण या धंद्यात आहेत किंवा येणार आहेत. तुमच्यावर दबाव एकाच दिशेने येईल: क्लायंटची सही आणा. तुम्ही क्रांती करा असं मी म्हणत नाही, घराचे हप्ते सगळ्यांनाच आहेत. पण डेमोमध्ये 'टेस्ट वन'ऐवजी क्लायंटच्या खऱ्या जगातली पाच वाकडी नावं घालणं तुमच्या हातात आहे. माउस क्लायंटच्या कारकुनाच्या हातात देणं तुमच्या हातात आहे. 'हे तपासलेलं नाही' अशी यादी साइन-ऑफच्या कागदाला जोडणं तुमच्या हातात आहे. उद्या काही बिघडलं तर ती यादी तुमचीच ढाल असेल.

आणि धंद्यात नसलात तरी परीक्षा देणारे, भरतीचे फॉर्म भरणारे, रिटर्न भरणारे तुम्हीच आहात. पुढच्या वेळी एखादी सरकारी यंत्रणा 'आता सगळं ऑनलाइन' अशी घोषणा करेल तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये लागतात. महाराष्ट्रात तो दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, आणि एवढ्या जागेत चार प्रश्न आरामात बसतात. या सॉफ्टवेअरच्या स्वीकृतीचे निकष कोणत्या तारखेला ठरले? चाचणी खऱ्या माहितीवर झाली का, आणि त्यात वापरणाऱ्यांपैकी कोण होतं? स्वीकृतीच्या दिवशी किती दोष शिल्लक होते? चाललं नाही तर पर्यायी व्यवस्था काय, आणि ती सुरू करायचा अधिकार कोणाकडे?

या प्रश्नांना 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर आलं, तर त्या सॉफ्टवेअरची पहिली खरी चाचणी तुमच्यावर होणार आहे, एवढं समजून ठेवा.